वकीलपत्र खाली ठेवा, मग भाष्य करा

‘निवडणूक आतून पाहिलेल्या माणसाइतकं राजकारण दुसऱ्या कुणाला कळणार?’ उमेदवार निवडून आणणारे राजकीय सल्लागार वाहिन्यांवर भाष्यकार होऊन बसतात, तेव्हा त्यांच्या समर्थनार्थ हा प्रश्न हमखास पुढे केला जातो. त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी सांगितल्या जातात. एक, अंदाज सगळ्यांचेच चुकतात, मग यांच्याच चुकांचं एवढं भांडवल कशाला? दोन, हे गृहस्थ कोणत्या बाजूचे आहेत ते प्रेक्षकाला ठाऊक असतंच, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न येत नाही. तीन, त्यांचे अंदाज अनेकदा खरेही ठरतात. चारही मुद्दे वरवर रास्त वाटतात. पण हा धंदा ज्यांच्या कारकिर्दीवरून नीट समजून घेता येतो, त्या अमेरिकेतल्या डिक मॉरिस यांचा प्रवास समोर ठेवला की यातला एकही मुद्दा तग धरत नाही. मॉरिस यांचे आकडे चुकले याबद्दल माझी तक्रार नाही. मतदाराला वळवण्याचं काम त्यांनी भाष्यकाराच्या खुर्चीत बसूनही चालू ठेवलं आणि वाहिनीनं ते विश्लेषण म्हणून खपवलं, याला माझा आक्षेप आहे.

आधी त्यांचं कसब मान्य करू, कारण ते खरोखर मोठं होतं. १९८० मध्ये बिल क्लिंटन आर्कान्सॉ राज्याचं गव्हर्नरपद गमावून बसले. वाहनांच्या नोंदणीशुल्कात केलेली वाढ त्यांना भोवली होती. हे शुल्क गाडीच्या वजनावर बेतल्यामुळे खेड्यापाड्यातला जुनी, जड गाडी चालवणारा माणूस संतापला होता. पहिल्या विजयानंतर क्लिंटननी मॉरिसना बाजूला सारलं होतं. पराभवानंतर त्यांना परत बोलावलं. मॉरिसनी सर्वेक्षण केलं आणि कुणालाही सहज पटणार नाही असा सल्ला दिला: प्रचार सुरू करण्याआधी टीव्हीवर जाऊन चूक कबूल करा. १९८२ च्या सुरुवातीला क्लिंटन जाहिरातीत थेट कॅमेऱ्याकडे बघत बोलले, शुल्कवाढ चुकली हे मान्य केलं आणि पुन्हा संधी मागितली. त्यानंतर आधी त्यांचा पाठिंबा घसरलाच. पण पुढे विरोधकांनी तोच आरोप उगाळला तेव्हा त्याची धार गेलेली होती. नोव्हेंबरमध्ये क्लिंटन पुन्हा गव्हर्नर झाले.

१९९४ च्या मध्यावधी निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षानं प्रतिनिधिगृहातल्या ५४ जागा गमावल्या, चाळीस वर्षांचं बहुमत घालवलं आणि सिनेटही हातची गेली. अध्यक्ष क्लिंटन यांनी पुन्हा मॉरिसनाच हाक दिली, तीही गुपचूप. मॉरिस व्हाइट हाउसला फोन करत तेव्हा ‘चार्ली’ हे टोपणनाव वापरत. बराच काळ अध्यक्षांच्या अनेक निकटच्या सहकाऱ्यांनाही त्यांच्या सल्लामसलतीचा पत्ता नव्हता. दोन्ही पक्षांच्या ठरीव भूमिकांपासून फटकून अध्यक्षांनी स्वतःची तिसरी जागा उभी करायची, ही त्यांची मांडणी ‘ट्रँग्युलेशन’ म्हणून प्रसिद्ध झाली. समतोल अंदाजपत्रक, कल्याणकारी मदतीच्या कायद्यातली कठोर सुधारणा, शाळांत गणवेश असे विषय त्यातूनच पुढे आले. मतदान सव्वा वर्ष लांब असताना टीव्हीवर जाहिरातींचा मारा सुरू झाला. आणि हे सगळं मोजून चाललं होतं. १९९५ च्या उन्हाळ्यात अध्यक्षांनी सुट्टी कुठे घालवावी यासाठीदेखील लोकांचा कल पाहिला गेला. क्लिंटन कुटुंब वायोमिंगच्या डोंगरांत भटकंतीला आणि तंबूत राहायला गेलं, कारण कुंपणावरच्या मतदाराला तसली सुट्टी आवडते असं आकडे सांगत होते.

या माणसाची ताकद नेमकी कशात होती, हे इथे लक्षात घ्यायला हवं. ती मोजण्यात होती. स्वतःची आवड, पक्षाची निष्ठा, सहकाऱ्यांचा राग, सगळं बाजूला ठेवून मतदाराच्या मनात काय आहे ते पुन्हा पुन्हा तपासायचं आणि अशिलाला कडू असलं तरी खरं सांगायचं. अशिलाशी खोटं बोलणारा सल्लागार निवडणूक हरतो. म्हणून बंद खोलीत मॉरिस वास्तवाला घट्ट धरून होते. याच काळात सिनेटमधले रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट हेही त्यांचे जुने अशील होते. कामाशी काम, पक्षाशी देणंघेणं नाही, अशी त्यांची रीत होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

२९ ऑगस्ट १९९६ रोजी, क्लिंटन शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी स्वीकारणार होते त्याच दिवशी, मॉरिस यांना पायउतार व्हावं लागलं. एका टॅब्लॉइडनं त्यांच्या खासगी वर्तनाची प्रकरणं छापली होती. त्यात मला रस नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच: अध्यक्षांच्या गोटात वावरत असतानाच त्यांनी त्या गोटाच्या आतल्या हकिकतीचं पुस्तक लिहिण्याचा व्यवहार गुपचूप ठरवला होता. पुढच्या जानेवारीत ते बाजारात आलं. ‘आतला माणूस’ ही ओळख हीच त्यांची नवी पुंजी झाली. १९९८ पासून ते फॉक्स न्यूजवर दिसू लागले. क्लिंटन पतीपत्नींवर त्यांच्या इतक्या जवळून गेलेला माणूस टीका करतो आहे, यालाच बाजारात किंमत होती.

आता पहिला मुद्दा घेऊ. आतून पाहिलेल्या माणसाला जास्त कळतं, हे खरं; पण ते कळलेलं तो प्रेक्षकाला देतो का? वाहिनीवर आल्यावर मॉरिस यांच्या बोलण्यातून गळलेली पहिली गोष्ट म्हणजे मोजमाप. २००५ मध्ये त्यांनी आयलीन मॅकगॅन यांच्यासह अख्खं पुस्तक लिहून २००८ ची अध्यक्षीय लढत कोंडोलीझा राइस विरुद्ध हिलरी क्लिंटन अशी होणार असं सांगितलं. राइस उभ्याच राहिल्या नाहीत आणि हिलरी यांना पक्षाची उमेदवारी मिळाली नाही. २०१२ मध्ये त्यांनी मिट रॉम्नी ३२५ इलेक्टोरल मतांनी दणदणीत जिंकतील आणि ओबामा २१३ वर अडकतील असं छातीठोकपणे सांगितलं. प्रत्यक्षात ओबामांना ३३२ आणि रॉम्नींना २०६ मतं पडली. हा निकाल आभाळातून पडलेला नव्हता. राज्याराज्यांची सर्वेक्षणं सगळ्यांसमोर होती. तीच एकत्र करून नेट सिल्व्हर यांनी ओबामांच्या विजयाची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास सांगितली आणि पन्नासच्या पन्नास राज्यांचा कल बरोबर ओळखला. सिल्व्हर यांनी एकही प्रचारमोहीम चालवलेली नव्हती. मॉरिसनी मात्र ती सर्वेक्षणंच निकालात काढली: २००८ सारखे डेमोक्रॅट या वेळी मतदानाला उतरणारच नाहीत, म्हणून नमुने चुकीचे आहेत, असं ते सांगत राहिले. सुट्टीच्या ठिकाणासाठी कल तपासणारा माणूस अध्यक्षपदाच्या निकालाबाबत उपलब्ध आकडे झटकून टाकतो, याचा अर्थ त्याची अक्कल अचानक गेली असा होत नाही. त्याचं काम बदललं होतं, आणि तो कुणाला उत्तरदायी होता तेही बदललं होतं. अशिलाला चुकीचं सांगितलं तर निवडणूक जाते. प्रेक्षकाला चुकीचं सांगितलं तर काहीच जात नाही, उलट त्याला हवं ते ऐकवलं म्हणून तो पुढच्या आठवड्यातही वाहिनी लावतो.

दुसरा मुद्दा: चुका सगळ्यांच्याच होतात. होतात, आणि प्रामाणिक चुकीचा हिशेब मी कधीच मागणार नाही. पण २०१२ ची चूक त्या जातीची नव्हती, आणि हे मी म्हणत नाही, स्वतः मॉरिस सांगून गेले आहेत. निकालानंतर काही दिवसांनी फॉक्सवरच शॉन हॅनिटी यांच्या कार्यक्रमात त्यांनी खुलासा केला. रॉम्नींची मोहीम ढेपाळत चालली होती, जिंकण्याची कुणालाच आशा उरली नव्हती, म्हणून तसं बोलणं आपल्याला आपलं कर्तव्य वाटलं, असा त्या खुलाशाचा आशय होता. त्यांच्या पाठीराख्यांनी हा खुलासा शांतपणे पुन्हा वाचावा. काय होईल याचा तो अंदाजच नव्हता. कार्यकर्त्यांचा धीर टिकवण्यासाठी, मतदारांना बाहेर काढण्यासाठी फेकलेला तो आकडा होता. प्रचारप्रमुखानं सभेत ‘आपणच जिंकणार’ असं म्हणणं हा त्याचा धर्मच आहे. कुणी त्याला खोटारडा म्हणत नाही, कारण ऐकणाऱ्याला आपण सभेला आलो आहोत हे माहीत असतं. मॉरिस यांचा प्रेक्षक सभेला आलेला नव्हता. तो बातम्या बघत होता. त्याला वाटत होतं की एक जाणकार आपल्याला परिस्थिती समजावून सांगतोय. वकील न्यायालयात अशिलाची बाजू लढवतो ते गैर नाही. तोच वकील वकीलपत्र खिशात ठेवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि सत्य सांगतो म्हणाला, तर ती न्यायालयाची फसवणूक ठरते.

‘पण तो कुणाचा आहे हे तर जगजाहीर असतं ना?’ हा तिसरा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत जास्त फसवा आहे. पक्षाकडे कल असणं वेगळं आणि त्या पक्षाच्या विजयात स्वतःची गुंतवणूक असणं वेगळं. ६ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री फॉक्सच्या स्टुडिओत जे घडलं त्यात हा फरक उघड्यावर आला. रात्री अकरा वाजून गेल्यावर वाहिनीच्या निकाल-कक्षानं ओहायो ओबामांना दिलं आणि त्यासोबत अध्यक्षपदही. पॅनेलवर बसलेले कार्ल रोव्ह यांनी ते मानायला नकार दिला. मतं अजून मोजायची आहेत, घाई झाली आहे, असं ते कॅमेऱ्यासमोर ठासून सांगू लागले. अखेर निवेदिका मेगन केली खुर्चीतून उठल्या, कॅमेरा मागे घेऊन मार्गिकेतून चालत निकाल-कक्षात गेल्या आणि तिथल्या आर्नन मिश्किन व क्रिस स्टायरवॉल्ट यांना थेट प्रक्षेपणात विचारलं, तुमचा निर्णय पक्का आहे का? पक्का आहे, असं उत्तर मिळालं. आणि ते बरोबर होतं.

रोव्ह हे जॉर्ज बुश यांच्या दोन विजयांचे शिल्पकार, हे प्रेक्षकाला ठाऊक होतं. पण त्या रात्री ते केवळ बुश यांचे माजी सल्लागार नव्हते. त्यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या ‘अमेरिकन क्रॉसरोड्स’ आणि तिच्या भगिनीसंस्थेनं त्या निवडणुकीसाठी सुमारे ३० कोटी डॉलर गोळा केले होते. धनाढ्य देणगीदारांचा पैसा ज्या निकालावर लागला होता, त्याच निकालाचं विश्लेषण ते करत होते. ओहायो गेलं म्हणजे त्या पैशांचा जाब द्यायची वेळ आली. अशा माणसाच्या तोंडून निघालेला ‘अजून मतं मोजायची आहेत’ हा शब्द विश्लेषकाचा की देणगीदारांना उत्तर द्यायला बांधलेल्या माणसाचा, हे घरी बसलेल्या प्रेक्षकानं कसं ओळखावं? बोलणारा दिसतो, बोलविता धनी दिसत नाही.

हा रोग एका पक्षाचा नाही. २०१६ मध्ये सीएनएनवर भाष्य करणाऱ्या डेमोक्रॅट डोना ब्राझील यांनी उमेदवारांच्या जाहीर कार्यक्रमांत येणाऱ्या प्रश्नांची आगाऊ कल्पना हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारपथकाला दिल्याचं विकिलीक्सनं उघड केलेल्या ईमेलमधून बाहेर आलं, आणि त्या वाहिनीपासून दूर झाल्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बिल क्लिंटन यांचे १९९२ चे रणनीतिकार जेम्स कार्व्हिल यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून कमला हॅरिस जिंकणार याची आपल्याला खात्री आहे असं सांगितलं. सर्वेक्षणं तेव्हा काट्याची लढत दाखवत होती. खात्री कुठून आली? ज्या मतदारांनी खचून जाऊ नये असं वाटत होतं, त्यांच्यासाठी ती आणली गेली, असंच मला दिसतं. दोन्ही बाजूंना हेच चालतं म्हणून समतोल साधला जातो, असंही कुणी म्हणेल. दोन प्रचारकांना शेजारी बसवल्यानं विश्लेषण तयार होत नाही. दोन प्रचार तयार होतात.

चौथा मुद्दा मॉरिस यांचे समर्थक अभिमानानं मांडतात. २०२२ च्या उन्हाळ्यात मॉरिसनी पुस्तक लिहून डोनाल्ड ट्रम्प २०२४ मध्ये पुन्हा अध्यक्ष होणार असं सांगितलं. त्या वेळी ट्रम्प संपले असं म्हणणारे पुष्कळ होते. ट्रम्प आले. हे श्रेय मॉरिस यांना देतो, हातचं काही न राखता. पण दर निवडणुकीत आपल्या बाजूचा विजय सांगणारा माणूस त्याची बाजू जिंकेल त्या वर्षी बरोबर ठरणारच. अंदाजाची कसोटी एका नेमावर लागत नाही, अनेक वर्षांच्या नोंदीवर लागते. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञानं ती नोंद ठेवली. सुमारे दोन दशकं २८४ जाणकारांकडून त्यांनी राजकीय अंदाज घेतले, नंतर ते प्रत्यक्षाशी ताडून पाहिले आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रसारमाध्यमांना ज्यांची जास्त मागणी होती, त्या जाणकारांचे अंदाज इतरांपेक्षा जास्त चुकत होते. एकाच मोठ्या सिद्धांतात जग बसवणारा, ठाम बोलणारा माणूस पडद्यावर शोभतो; ‘हेही शक्य आहे, तेही शक्य आहे’ म्हणणारा शोभत नाही. म्हणजे निवड बरोबर असण्यावर होतच नाही, ती ठामपणावर होते. अशिलाला जिंकवण्याच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या सल्लागाराइतका ठामपणा दुसऱ्या कुणाकडे असणार?

याची किंमत कोण मोजतं? मॉरिस नव्हे. फेब्रुवारी २०१३ मध्ये फॉक्सनं त्यांच्याशी करार पुढे चालवला नाही, पण रेडिओ, दुसरी वाहिनी, नवी पुस्तकं, सगळं मिळालं. किंमत मोजतो तो प्रेक्षक. मतदानाच्या दिवशी रॉम्नींनी पत्रकारांना सांगितलं की आपण फक्त विजयाचं भाषण लिहिलं आहे. उमेदवाराची ही अवस्था, मग घरी बसलेल्या समर्थकाची काय असेल? ज्याला महिनोन्‌महिने विजयाची हमी मिळाली त्याला पराभव हा पराभव वाटत नाही, कुणीतरी लबाडी केली असं वाटतं. आठ वर्षांनी फॉक्सच्याच निकाल-कक्षानं ॲरिझोना बायडन यांना दिलं. तो निर्णय बरोबर होता, प्रेक्षक मात्र खवळले, आणि २०१२ मध्ये कॅमेऱ्यासमोर ‘पक्का आहे’ म्हणणारे स्टायरवॉल्ट यांची नोकरी जानेवारी २०२१ मध्ये गेली. मतयंत्रांत घोटाळा झाल्याचे बिनबुडाचे आरोप वाहिनीवर बोकाळले. मतयंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीशी तडजोड करताना एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सला ७८ कोटी ७५ लाख डॉलर भरावे लागले. हे सारं मॉरिस यांनी केलं असं मी म्हणत नाही. पण प्रेक्षकाला सुखावणारं खोटं आणि न रुचणारं खरं यांतलं पहिलं निवडण्याची सवय लावण्यात त्यांच्यासारख्या भाष्यकारांचा वाटा मोठा आहे, आणि सवय लागल्यावर खरं सांगणाऱ्याचीच नोकरी जाते.

हे परदेशातलं प्रकरण म्हणून आपण सोडून देऊ शकत नाही. प्रशांत किशोर यांनी २०२४ च्या लोकसभेत भाजप साधारण २०१९ इतक्याच, म्हणजे ३०३ च्या आसपास जागा मिळवेल असं मुलाखतींमागून मुलाखतींत सांगितलं; २४० मिळाल्या. त्यांनी नंतर चूक मान्य केली आणि यापुढे जागांचे आकडे सांगणार नाही असं जाहीर केलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. पण त्या मुलाखती देताना ते बिहारमध्ये स्वतःचा पक्ष उभा करण्याच्या मार्गावर होते. किती निवेदकांनी त्यांची ओळख ‘निवडणूक रणनीतिकार’ एवढ्यावरच थांबवली? महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला अजित पवारांच्या राष्ट्रवादीची गुलाबी मोहीम ‘डिझाइनबॉक्स्ड’ या व्यावसायिक संस्थेनं आखली. असं काम आता उघडपणे होतं, आणि ते बेकायदा नाही, गैरही नाही. उद्या असं काम केलेली माणसं मराठी वाहिन्यांवर ‘राजकीय विश्लेषक’ म्हणून बसतील. आपण तयारीत आहोत का?

सल्लागारांनी कधी भाष्यकार होऊच नये, असं माझं म्हणणं नाही. जॉर्ज स्टेफनोपोलस १९९२ मध्ये क्लिंटन यांच्या प्रचाराच्या पहिल्या फळीत होते. व्हाइट हाउस सोडून १९९७ मध्ये ते एबीसी न्यूजमध्ये गेले, प्रचाराचं काम कायमचं सोडलं आणि पत्रकार म्हणून नव्यानं उभे राहिले. २०१५ मध्ये त्यांनी क्लिंटन फाउंडेशनला ७५ हजार डॉलर देणगी दिल्याचं उघड झालं. त्यांनी ती आधी जाहीर केलेली नव्हती, आणि हा दोष छोटा नव्हता. पण त्यांना माफी मागावी लागली आणि रिपब्लिकन उमेदवारांच्या वादचर्चेच्या सूत्रसंचालनातून बाजूला व्हावं लागलं. ज्या संस्थेत हितसंबंध लपवणं हा दोष मानला जातो, तिथे चूक पकडली जाते. ज्या संस्थेत हितसंबंध हेच भाष्यकाराचं भांडवल समजलं जातं, तिथे पकडायला काहीच नसतं.

म्हणून मागणी साधी आणि रोखठोक आहे. निवडणुकीवर बोलायला बसवलेल्या प्रत्येकाच्या नावाखाली पडद्यावर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: गेल्या पाच वर्षांत कोणत्या पक्षाचं वा उमेदवाराचं काम केलं, आज कुणाकडून पैसे घेतो, आणि मागच्या निवडणुकीत काय सांगितलं होतं व निकाल काय लागला. ज्याचं वकीलपत्र अजून चालू आहे त्याला बोलवा, जरूर बोलवा, पण पक्षाच्या प्रवक्त्याशेजारी बसवा, विश्लेषकाच्या खुर्चीत नाही. प्रचाराचं काम सोडून किमान एक निवडणूक उलटू द्या. यात कुणाचं तोंड बंद होत नाही. ज्याला खरोखर आतून कळलेलं सांगायचं आहे त्याला या अटींनी काहीच अडत नाही. अडतं ते फक्त त्याला, ज्याला आपली जुनी कला आता प्रेक्षकावर चालवायची आहे. वाहिन्या हे आपणहून करणार नाहीत. प्रत्येक निकालानंतर प्रेक्षकांनी, वर्तमानपत्रांनी आणि स्वतःला पत्रकार म्हणवणाऱ्या प्रत्येकानं त्यांच्याकडे नावानिशी हिशेब मागितला, तरच ते होईल.